वीस यार्डांच्या आत: धनुष्य-हंगाम २०२४च्या प्रकल्प नोंदी

१० ऑगस्ट २०२४, शनिवार. मॅडिसन, विस्कॉन्सिन

यंदाचा प्रकल्प लेकीचा आहे. ती तेरा वर्षांची झाली, हंटर सेफ्टीचा कोर्स पास झाली आणि आता हरणाच्या शिकारीसाठी आजोबांच्या रानात धनुष्यबाण घेऊन मचाणावर बसायचं म्हणते. इथल्या नियमाप्रमाणे या वयाच्या मुलीसोबत आई-वडील किंवा त्यांनी नेमलेलं मोठं माणूस लागतंच. तिच्या शेजारी मी बसणार. माझा बो या हंगामात घरीच राहील. दोन धनुष्यं एका झाडावर म्हणजे लक्ष दोन ठिकाणी.

बाकी मंडळी: सासरे, नणंद, नवरा. सासरे रानाचे मालक. कोर्सची सक्ती १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आहे, त्यामुळे त्यांना कधी तो द्यावा लागला नाही. पण लेकीचं पुस्तक त्यांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. नणंद आमच्यात सगळ्यात चांगली नेमबाज. नवरा शिकार करत नाही. सोलणं, कापणं, पॅकिंग हे खातं त्याचं, आणि त्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

जागा: व्हायोला गावाजवळ, रिचलँड आणि व्हर्नन काउंटीच्या सीमेवर. मॅडिसनहून हायवे १४ने स्प्रिंग ग्रीन, रिचलँड सेंटर करत जायचं. हिमयुगातल्या बर्फाने सगळा मध्य-पश्चिम सपाट केला तेव्हा हा तुकडा सुटला, म्हणून इथे डोंगरसोंडा, घळी, ओढे शाबूत आहेत. वर ओक आणि हिकरी, खाली मका आणि अल्फाअल्फाचं कुरण. हरणांना याहून काय हवं!

२४ ऑगस्ट. सासऱ्यांचं शेत

आज फक्त अंतर. सासऱ्यांचा घरचा नियम असा की प्रत्येकाचं अंतर ऑगस्टमध्ये ठरतं आणि नोव्हेंबरमध्ये ते कोणी वाढवायचं नाही. परीक्षा साधी आहे. फोमच्या टार्गेटवर कागदी ताटली टाचायची. थंड हाताने, सराव न करता मारलेला पहिला बाण ताटलीत बसला पाहिजे, आणि हे वेगवेगळ्या दिवशी बसलं पाहिजे. ज्या अंतरावर तो ताटलीबाहेर जायला लागतो, त्याच्या अलीकडे तुमची हद्द.

लेकीची हद्द २० यार्ड ठरली. नणंदेची ३५.

लेकीने विचारलं, "आई, मी तीसवर पण बरेचदा मारते की. मग वीसच का?" यावर सासऱ्यांनी तिला कागदावर हिशोब करायला लावला. तिचा बाण सेकंदाला साधारण २२० फूट जातो. ६० फूट, म्हणजे २० यार्ड, जायला त्याला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. ९० फुटांना ०.४ सेकंद. दोरीचा आवाज सेकंदाला अकराशे फुटांनी जातो, म्हणजे बाणाच्या कितीतरी आधी तो हरणाच्या कानावर पडतो. दचकलेलं हरीण पळण्याआधी पाय दुमडून खाली बसतं, उडी घेण्यासाठी. जितका वेळ जास्त, तितकं ते खाली गेलेलं. फुप्फुसावर धरलेला बाण मग पाठीच्या कण्याच्या वर, नुसत्या मांसात शिरतो आणि जनावर जखमी होऊन निघून जातं. फोमचं टार्गेट दचकत नाही, हा सगळा फरक. तिने कागद घडी करून बोच्या पेटीत ठेवला.

सामान: बोचा ताण ४० पौंड. कायद्याने किमान ३० लागतो. ब्रॉडहेडची, म्हणजे शिकारीच्या पातेदार बाणटोकाची, रुंदी किमान ७/८ इंच हवी. आपली एक इंचाची आहे. सरावाच्या टोकाने आणि ब्रॉडहेडने बाण एकाच ठिकाणी जातो का ते पाहायचं राहिलंय.

७ सप्टेंबर

ब्रॉडहेड दोन इंच डावीकडे जात होतं. नणंदेने रेस्ट, म्हणजे बाण टेकतो तो भाग, केसभर सरकवली, कागदातून बाण मारून फाटलेला आकार पाहिला, पुन्हा सरकवली. दुपारपर्यंत दोन्ही टोकं एकाच जागी. लेकीने पाती स्वतः लावली. मचाणावर ब्रॉडहेडचा बाण फक्त भात्यातून काढायचा, हातात धरून शिडी चढायची नाही, हे तिला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा तिने मला सांगितलं.

१४ सप्टेंबर. हंगाम सुरू

शिकारीला गेलो नाही. दुपारी अंगातून घाम निथळत होता. अशा उकाड्यात पडलेलं हरीण दोन-तीन तासांत थंड केलं नाही तर मांस वाया जातं, आणि पहिल्या दिवसाच्या उत्साहाला ही किंमत नको. रान चाललो. पांढऱ्या ओकची फळं गळायला लागली आहेत. लाल ओकच्या फळांपेक्षा ती कमी तुरट, म्हणून हरणं आधी त्याच झाडांखाली येतात. खिंडीतल्या मोठ्या पांढऱ्या ओकखाली पाचोळा उकरलेला आणि टोपणं विखुरलेली होती.

परत येताना सासऱ्यांनी लेकीला सांगितलं की या राज्यात धनुष्याचा वेगळा हंगाम १९३४ साली सुरू झाला, सॉक आणि कोलंबिया काउंट्यांत, आणि तसा हंगाम देणारं विस्कॉन्सिन हे देशातलं पहिलं राज्य. मॅडिसनच्या विद्यापीठात वन्यजीव-व्यवस्थापन शिकवणारे आल्डो लिओपोल्ड स्वतः लाकडाची धनुष्यं तासायचे. आमचं पुली लावलेलं कंपाउंड धनुष्य मात्र १९६०च्या दशकातलं, मिसूरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांच्या डोक्यातून निघालेलं. त्या पुलीमुळे दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच उतरतो. तेरा वर्षांची पोर हरीण वळेपर्यंत दोरी ओढून थांबू शकते ती यामुळेच.

२८ सप्टेंबर. मचाण आणि वारा

दोन मचाणं बांधली. एक खिंडीत, एक खाली ओढ्याकाठी. दोन्हींना जमिनीपासून वरपर्यंत सुरक्षा-दोर. जमिनीवरच हार्नेस अडकवायचा आणि परत जमिनीला पाय लागेपर्यंत सोडायचा नाही. या खेळात माणसं बाणाने कमी आणि झाडावरून पडून जास्त जायबंदी होतात.

मग वाऱ्याचं काम, आणि हे मला सगळ्यात आवडतं. इथे मिल्कवीडच्या शेंगा आता उकलायला लागतात. आपल्या रुईच्याच कुळातलं झाड, तशाच रेशमी म्हाताऱ्या. एक म्हातारी बोटातून सोडायची आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचं. वारा बघायला वापरतात ती पावडर दोन हातांवर विरते. म्हातारी पार पलीकडच्या उतारापर्यंत जाऊन दाखवते की आपला वास कुठे पोचणार आहे.

सकाळी दहाला खिंडीतून सोडलेली म्हातारी उतारावरून वर उचलली गेली आणि झाडांच्या शेंड्यांवरून निघून गेली. ऊन लागलं की उताराची हवा तापून चढते. संध्याकाळी सूर्य सोंडेआड गेल्यावर तिथूनच सोडलेली म्हातारी आधी घुटमळली, मग सरळ घळीत उतरली, थेट त्या पट्ट्यात जिथून हरणं वर येतात. लेक पोटावर झोपून तिच्याकडे पाहत होती. म्हणाली, "म्हणजे संध्याकाळी इथे बसायचंच नाही." बरोबर. खिंड सकाळची, ओढा संध्याकाळचा. सकाळीही घळीतून चढायचं नाही. मागच्या धारेवरून यायचं.

१२ ऑक्टोबर. दसरा

या शनिवार-रविवारी मुलांचा बंदुकीचा खास हंगाम असतो, आणि त्या काळात धनुष्यवाल्यांनाही भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी घालावं लागतं. गुलाबीला या राज्याने २०१६मध्ये मान्यता दिली. हरणाला हे दोन्ही रंग आपल्यासारखे दिसत नाहीत, निळा मात्र त्याला चांगला दिसतो. म्हणून जीन्स घालून कोणी मचाणावर यायचं नाही.

आम्ही रानात न जाता घरीच राहिलो आणि शस्त्रपूजा केली. सासऱ्यांच्या शेडमधल्या टेबलावर तिन्ही धनुष्यं, भाते, सोलायच्या सुऱ्या, नवऱ्याची मांस कापायची सुरी, आणि सासऱ्यांच्या आग्रहाने ट्रॅक्टरची किल्ली. झेंडू शेजारच्या बागेतले. आपट्याची पानं कुठली मिळणार. लेकीने ओकची पानं सगळ्यांना वाटली. सासऱ्यांनी ते पान टोपीत खोचलं आणि दिवसभर काढलं नाही.

२६ ऑक्टोबर

कर्जतला आईशी फोन. आमचं गाव रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यापासून जवळ. लहानपणी रात्री ज्वारी राखायला दादांबरोबर मीही जायचे. काळवीट पिकात शिरलं की पत्र्याचा डबा वाजवायचा, पण दगड मारायचा नाही, हा त्यांचा दंडक. भारतात १९७२च्या कायद्याने ही शिकार गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. तिथे काळवीट तुकड्या-तुकड्यांतल्या माळांवर उरलंय.

आईने विचारलं, "मग तिकडं कसं काय चालतं? आणि पोरीच्या हातनं कशाला?"

तिला जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भागातूनही हरीण जवळपास संपलं होतं. बाजारात विकण्यासाठी होणारी शिकार बंद केली, हंगाम बांधून दिले, तेव्हा ते परत आलं. या दक्षिण भागात लांडग्यांचे कळप नाहीत, त्यामुळे संख्या आता माणसाच्याच हातात आहे. हरणं फार झाली की ओकचं रोप गुडघ्याच्या वर येत नाही, आणि मग पुढच्या पिढीचं रानच उभं राहत नाही. इथल्या १९३७च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला, आणि पुढे धनुष्याच्या सामानावरही ११ टक्के कर बसला. तो पैसा राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठीच मिळतो. लेकीच्या बोवरही तो भरलाय.

आणि पोरीच्या हातून का, तर ती मटण आवडीने खाते. ते कुठून येतं हे तिने पाहिलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं. आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पाडसाची आई मारू नका."

हा प्रश्न लेकीनेही विचारला होता. पाडसं मे-जूनमध्ये जन्मतात. नोव्हेंबरपर्यंत दूध तुटलेलं असतं आणि ती स्वतः चरतात. संख्या आटोक्यात ठेवायची तर मादीच मारावी लागते, नर मारून काही होत नाही. आईला हे सांगितलं. पटलं का, ते तिने सांगितलं नाही.

२ नोव्हेंबर

नर माजावर आले आहेत. सकाळी खिंडीत लेक आणि मी. साडेसातच्या सुमारास एक आठ टोकांच्या शिंगांचा नर धारेवरून आला, मान खाली, नाक जमिनीला, मादीचा माग काढत. अंतर मोजून ठेवलेल्या हिकरीच्या पलीकडे थांबला. ती हिकरी २० यार्डांवर आहे. नर तिशीच्या आसपास असेल, पूर्ण आडवा, म्हणजे कूस आमच्याकडे, मोकळा. लेकीने रिलीज, म्हणजे दोरी ओढून सोडायचा खटका, दोरीच्या लूपला अडकवला, नराकडे पाहिलं, हिकरीकडे पाहिलं, आणि रिलीज काढून घेतला. मी काहीच बोलले नव्हते. तो नर निघून गेल्यावर ती बराच वेळ नाकाने जोरजोरात श्वास घेत होती.

दुपारी नणंदेने ओढ्याकाठी एक नर घेतला, २४ यार्डांवर. चांगला बाण, जनावर नजरेसमोरच पडलं. नोंदणी ऑनलाइन केली (सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५च्या आत करावी लागते). डोकं मानेच्या काही इंचांसकट पिशवीत घालून सीडब्ल्यूडीच्या तपासणी-पेटीत टाकलं.

सीडब्ल्यूडीबद्दल थोडं. हा हरणांच्या मेंदूचा रोग. विकृत प्रथिनांमुळे, म्हणजे प्रायॉनमुळे होतो, जनावर खंगत जाऊन मरतं, इलाज नाही. विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ साली मॅडिसनच्या पश्चिमेला पहिल्यांदा सापडला आणि आमचा सगळा टापू आज त्याच्या पट्ट्यात आहे. माणसाला झाल्याची सिद्ध झालेली केस नाही. पण प्रायॉन शिजवून मरत नाही, आणि सीडीसी या सरकारी आरोग्य-संस्थेचा सल्ला स्पष्ट आहे: तपासून घ्या, पॉझिटिव्ह आलं तर खाऊ नका. बाधित हरीण बराच काळ अगदी धडधाकट दिसतं. म्हणून आमच्या घरात रिझल्ट येईपर्यंत कोणी घास घेत नाही.

९ नोव्हेंबर

थंडी, वायव्येचा हलका वारा. उजाडायच्या बऱ्याच आधी मागच्या धारेवरून खिंडीत. सूर्योदय पावणेसातच्या सुमारास.

आठ वाजायच्या आधी घळीतून दोन माद्या वर आल्या. मोठी मादी ओकखाली फळं वेचायला लागली, हिकरीच्या अलीकडे, सतरा यार्ड असेल. लेकीने घाई केली नाही. मादीचं डोकं खोडाआड गेलं तेव्हा दोरी ओढली. मग थांबली. मादी आडवी होती, पण आमच्या बाजूचा पुढचा पाय मागे होता, फऱ्याचं हाड फुप्फुसावर. किती वेळ गेला माहीत नाही. मादीने फळाकडे एक पाऊल टाकलं, पाय पुढे गेला, आणि बाण सुटला.

आवाज पोकळ आला. मादी पाठ उचलून उधळली, उतारावरून खाली गेली, दिसेनाशी झाली. लेकीचे हात इतके थरथरत होते की मी आधी तिच्या हातातून बो घेतला आणि मग घड्याळ पाहिलं.

अर्धा तास हलायचं नाही. ढकललेलं जनावर मैलभर जातं. न ढकललेलं जवळच बसतं.

खाली उतरून बाण पाहिला. आरपार जाऊन मातीत रुतलेला. रक्त गुलाबीसर, त्यात बारीक बुडबुडे: फुप्फुस. गडद असतं तर यकृत आणि आणखी काही तास थांबणं, हिरवट आणि वास येणारं असतं तर आतडी आणि निम्मा दिवस. लेकीने बाण हुंगला आणि म्हणाली, "ठीक आहे."

मग माग. सासरे, नणंदही आले. नियम असा की शेवटच्या थेंबापाशी एक माणूस उभा राहतो आणि पुढचा थेंब सापडल्याशिवाय हलत नाही. लेक पुढे. ओकच्या पानांवर या दिवसांत लालसर डाग असतातच. शंका आली की सासरे बोट ओलं करून पुसत, डाग पसरला तर रक्त. हरणाच्या बरगडीच्या उंचीवर गवताच्या पात्यांवर फवारा होता, म्हणजे जखम दोन्ही बाजूंनी उघडी आहे. दीडशे यार्डांवर कुंपण आलं, आणि थेंब कुंपणाच्या पलीकडे.

पलीकडचं रान आमिश शेजाऱ्यांचं. आमिश म्हणजे आधुनिक यंत्रं टाळून साधेपणाने राहणारा ख्रिस्ती पंथ. इथे स्वतःच्या जखमी जनावरामागेही दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि त्यांच्याकडे फोन नाही. आम्ही तिथेच नारिंगी पट्टी बांधली, परत चालत गेलो, गाडी काढली आणि त्यांच्या दारात उभे राहिलो. ते गोठ्यातून आले. सासऱ्यांनी टोपी काढली, पण बोलायचं काम लेकीवर सोपवलं. तिने सगळं सांगितलं: कुठून, केव्हा, बाण कसा होता. त्यांनी ऐकून घेतलं, आपला मोठा मुलगा सोबत दिला, म्हणाले त्याला ती घळ माहिती आहे.

त्या मुलालाच मादी आधी दिसली. काटेरी प्रिकली ॲशच्या जाळीत, कुंपणापासून चाळीस पावलांवर. डोळ्याला काडी लावून खात्री केली. लेक तिच्या शेजारी बसली आणि कानामागे हात ठेवून राहिली. नंतर म्हणाली की कान गरम होता.

आतडी काढायचं काम तिने आजोबांच्या देखरेखीखाली केलं. दोन्ही फुप्फुसांना भोक. शेवटी आजोबांनी पोटाची मोठी पिशवी उघडून दाखवली: ओकच्या फळांचे तुकडे, अल्फाअल्फाचा हिरवा लगदा, थोडा मका. आमिश मुलगाही वाकून बघत होता.

१० नोव्हेंबर

नवऱ्याचा दिवस. मांस हाडावरून सोडवलं; कण्यावर करवत लावायची नाही, कारण प्रायॉन तिथे जास्त असतात. साधारण ४५ पौंड निघालं. प्रत्येक पाकिटावर "मादी, ९ नोव्हें., रिझल्ट बाकी". नणंदेच्या नराची पाकिटं फ्रीझरच्या वेगळ्या कप्प्यात. डोकं तपासणी-पेटीत.

१५ नोव्हेंबर

नणंदेचा नर पॉझिटिव्ह.

प्रौढ नरांमध्ये प्रमाण माद्यांपेक्षा जास्त असतं, हे माहीत होतं. तरी तो नर काय देखणा होता! अंगावर चरबी, डोळे चमकदार. सगळी पाकिटं काढली, हाडांसकट हरणांच्या अवशेषांसाठी ठेवलेल्या कचराकुंडीत नेली, कारण रानात टाकलं तर प्रायॉन मातीत वर्षानुवर्षं राहतात. नवऱ्याने ज्या सुरीने तो कापला होता ती आणि पाट ब्लीचमध्ये घातले. नणंद दिवसभर बोलली नाही. लेकीने विचारलं, "मग तो उगाच मेला का?" नणंद म्हणाली, तो आज ना उद्या कुठेतरी खंगून मेलाच असता, आणि तोवर रोग पसरवत फिरला असता. हे खरं आहे. पण तिलाही ते सांगताना जड गेलं, आणि मला वाटतं लेकीने ते पाहणंही गरजेचं होतं.

२१ नोव्हेंबर

मादी निगेटिव्ह!

संध्याकाळीच पाठीचं मांस सासऱ्यांच्या पद्धतीने, लोण्यात, दोन्ही बाजूंनी जेमतेम. हरणाच्या मांसात चरबी फारशी नसते. जास्त शिजलं की चामडं. मांडीचं मात्र माझ्या पद्धतीने: हळद, मीठ, आलं-लसूण लावून रात्रभर, मग आईने पाठवलेला येसूर घालून मंद आचेवर तीन तास, सोबत ज्वारीची भाकरी. लेकीने पहिला घास घेताना आजीला व्हिडिओ कॉल लावला. आई म्हणाली, "येसूर कमी पडलाय, रंग दिसत नाही."

२२ नोव्हेंबर

उद्यापासून बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम, त्यामुळे धनुष्याचं काम थांबवलं. मचाणांचे पट्टे सोडले. झाड वाढतं आणि पट्टा सालीत रुततो.

मग लेक आणि मी शेजाऱ्यांकडे मांस द्यायला गेलो, फऱ्याचं आणि खिम्याचं मिळून आठ पौंड. त्यांनी पाकीट हातात घेतलं आणि जनावर तपासलंय का, एवढंच विचारलं. लेकीने रिझल्ट छापून आणला होता. त्यांनी तो दारातच उभं राहून पूर्ण वाचला, मुलाला हाक मारून त्यालाही वाचायला दिला, आणि पाकीट आत पाठवलं.